पतंग आणि तानकाट्याने लिफ्ट व ड्रॅग मोजणे

विद्यार्थी लिफ्ट (हवेचे वर उचलणारे बल) आणि ड्रॅग (हवेचे मागे ओढणारे बल) यांच्या व्याख्या पाठ करतात, पण ही बले हाताला जाणवत नाहीत. राइट बंधूंनी 1900 साली अमेरिकेतील किटी हॉकच्या वाळूवर आपले ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) आधी दोरीने पतंगासारखे उडवले आणि ओढ तानकाट्याने (स्प्रिंगच्या ताणावरून बल दाखवणाऱ्या काट्याने) मोजली. तीच पद्धत गुहागर किंवा देवगडच्या किनाऱ्यावर सहज करता येते.

1. दुपारी खारा वारा स्थिरावल्यावर सुरूच्या झाडांपासून दूर, पाण्याच्या कडेला उभे राहावे, कारण झाडांजवळ वारा फिरतो आणि वाचन हलत राहते.
2. पतंग आखूड दोऱ्यावर ठेवावा, म्हणजे दोरा जवळजवळ सरळ राहतो. दोऱ्याचे टोक 10 न्यूटनच्या तानकाट्याला बांधावे आणि ओळंबा लावलेल्या कोनमापकाने दोऱ्याचा जमिनीशी होणारा कोन वाचावा.
3. वहीत ओढ प्रमाणात रेषेने काढून तिचे दोन घटक करावेत. आडवा घटक म्हणजे ड्रॅग. उभ्या घटकात पतंगाचे वजन मिळवले की लिफ्ट.
4. पतंगाच्या पुढच्या दोऱ्यांची गाठ किंचित वर-खाली सरकवून, म्हणजे पतंगाचा वाऱ्याशी होणारा कोन बदलून, पुन्हा मोजावे.

चौथी पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. राइट बंधूंना लिफ्ट गणितापेक्षा कमी मिळाली, म्हणून त्यांनी 1901 मध्ये स्वतःचा वातबोगदा (आत वारा सोडून पंखांची चाचणी घेण्याची पेटी) बांधला. मुलांच्या मोजमापातही असा फरक आला तर तो खोडू देऊ नये, त्याचे कारण शोधायला लावावे.

दोरा साधा सुतीच घ्यावा. नायलॉन मांजा हाताला आणि पक्ष्यांना कापतो.