चंद्र दर सेकंदाला किती पडतो? धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) बसून हिशेब असा करा

चंद्र आभाळात टिकून आहे असं आपण म्हणतो, पण खरं तर तो सतत पृथ्वीकडे पडत असतो. हे स्वतः पडताळायला दुर्बीण लागत नाही. पंचांग, वही आणि साधा कॅल्क्युलेटर पुरे. उन्हाळ्यात खान्देशात रात्री धाब्यावर झोपायला जातोच आपण, तेव्हाच हे काम उरकता येतं.

आधी चंद्राची चाल मोजा. चैत्री पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी, रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेला चित्रा ही ठळक चांदणी शोधा. चंद्र तिच्या वर, पश्चिमेकडे असेल. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश. दोघांत किती मुठी अंतर आहे ते लिहा. दुसऱ्या रात्री त्याच वेळी मोजा, साधारण सव्वा मूठ अंतर घटलेलं दिसेल. या चालीनं ३६० अंशांची फेरी २७.३ दिवसांत होते. पंचांगातली २७ नक्षत्रं, रोज जवळपास एक, हीच ती फेरी.

इथे बरेच जण चुकतात. पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५ दिवस लागतात, पण तो आकडा घ्यायचा नाही. तेवढ्यात पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकलेली असते, म्हणून चंद्राला पौर्णिमा गाठायला जास्त चालावं लागतं.

आता वेग. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. त्याला २ × ३.१४ नं गुणा आणि २७.३ दिवसांच्या सेकंदांनी भागा. येतात सेकंदाला १.०२ किलोमीटर.

बाजरी राखताना गोफण फिरवलेल्यांना पुढचं लगेच कळेल. दोरी सुटली की दगड सरळ रेषेत, त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता तिकडे जातो. बाहेर ढकलणारं वेगळं बळ नसतं, शाळेत काहीही ऐकलं असलं तरी. पृथ्वीची ओढ नसती तर चंद्रही तसाच सरळ गेला असता. तो वर्तुळावर राहतो, म्हणजे दर सेकंदाला त्या सरळ रेषेपासून थोडा आत पडतो. किती? वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट: १.३५ मिलिमीटर.

दुसऱ्या बाजूनं ताळा करा. जमिनीजवळ सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. पृथ्वीच्या मध्यापासून चंद्र आपल्यापेक्षा ६० पट लांब आहे. ओढ अंतराच्या वर्गानं घटते, म्हणून ३६०० नं भागा: १.३६ मिलिमीटर. दोन्ही वाटा एकाच जागी येतात!

पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे हे भास्कराचार्यांनी ११५० मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवानं मठ काढल्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ पाटणला आहे. अंतराच्या वर्गाचा हा हिशेब मात्र न्यूटनचा, १६८७ च्या ग्रंथातला. एकाचं श्रेय दुसऱ्याला देण्याची गरज नाही.

चंद्राचा वेग अचानक शून्य झाला, तर तो पाचेक दिवसांत पृथ्वीवर आदळेल. आडवा वेग आहे म्हणूनच त्याचं पडणं दरवेळी हुकतं.

ग्रहांनाही हेच लागू. सूर्याचं अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर आणि पृथ्वीचा वेग सेकंदाला २९.८ किलोमीटर धरून तोच भागाकार करा. उत्तर ३ मिलिमीटरच्या आसपास आलं नाही, तर शून्यं पुन्हा मोजा.