‘बॅसिलिका’ हा शब्द कसा वाचावा आणि कसा वापरावा

सांगलीहून गोव्याच्या सहलीला गेलेले विद्यार्थी जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिका पाहतात, रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रलही पाहतात आणि सहलीवरील निबंधात दोन्ही शब्द एकाच अर्थाने लिहितात. हा घोळ टाळायचा असेल, तर मजकूर कोणत्या काळाविषयी आहे हे आधी पाहावे.

इसवी सनाच्या चौथ्या शतकापूर्वीचा संदर्भ असेल, तर बॅसिलिका म्हणजे बहुधा प्रार्थनास्थळ नव्हे. ‘बॅसिलेउस’ म्हणजे राजा या ग्रीक शब्दावरून आलेले हे नाव रोमनांनी चौकालगतच्या छप्परबंद सभागृहाला दिले. इ.स.पू. १८४ मध्ये रोमन राजकारणी केटोने रोममध्ये बॅसिलिका पोर्सिया उभारली. अशा इमारतींत खटले चालत आणि व्यापाराचे व्यवहारही होत. मार्केट यार्डात हळदीचे सौदे पाहिलेल्या सांगलीकराने त्याच छपराखाली न्यायाधीशही बसला आहे अशी कल्पना करावी.

त्यानंतर वास्तूचा आकार समजून घ्यावा, कारण शब्दाचा अर्थ पालटला तो या आकारामुळेच. लांबट दालन, खांबांच्या रांगांनी वेगळे केलेले उंच मध्यदालन, त्याच्या वरच्या भिंतींत खिडक्या आणि टोकाला न्यायाधीशाच्या आसनासाठी अनेकदा अर्धवर्तुळाकार भाग, अशी ही रचना असे. रोमन मंदिरात यज्ञवेदी बाहेर असे. ख्रिस्ती उपासकांना मात्र एकत्र आत जमायचे होते, म्हणून ३१३ मध्ये धर्मस्वातंत्र्य मिळाल्यावर रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात चर्चसाठी हा सभागृहाचा आराखडा स्वीकारला गेला आणि न्यायासन जेथे असे त्या टोकाला वेदी आली. कार्ल्याच्या चैत्यगृहातही मध्यदालन, खांबांच्या रांगा आणि अर्धवर्तुळाकार टोक आहे. परंतु तेथे त्या टोकाशी स्तूप असून त्याभोवती प्रदक्षिणामार्ग आहे. केवळ साम्यावरून एकाचा उगम दुसऱ्यात शोधू नये.

आजच्या कॅथलिक चर्चविषयी लिहिताना आकार बाजूला ठेवावा, कारण येथे बॅसिलिका हा पोपच्या अधिकाराने मिळणारा बहुमान असतो. महाबॅसिलिका चारच असून त्या सर्व रोमच्या आहेत. इतर सर्व लघुबॅसिलिका होत. बॉम जीझस चर्चचा अभिषेक १६०५ मध्ये झाला आणि त्याला हा दर्जा १९४६ मध्ये मिळाला, म्हणून ‘१६०५ मध्ये बॅसिलिका झाली’ असे लिहू नये.

कॅथेड्रल मात्र बिशपच्या, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुखाच्या, आसनावरून ठरते. त्यामुळे एकच वास्तू दोन्ही असू शकते: रोमचे कॅथेड्रल सेंट पीटर चर्च नसून लॅटरनची महाबॅसिलिका आहे.