सेकंडहँड कॉम्पॅक्ट एसयूव्हीत इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम? पार्ट बदलायच्या आधी या चुका टाळा

मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी खारघरच्या एका गृहस्थांकडून २०१६ ची डिझेल कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली, एमएच-४३ पासिंग, एकच मालक, सर्व्हिसची बिलं बऱ्यापैकी जपलेली. चार महिने गाडी मस्त चालली आणि पहिला जोराचा पाऊस झाला तसा त्रास सुरू झाला. सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट-कट-कट, मीटरवर एबीएसचा दिवा, स्टेअरिंगचा दिवा, इंजिनचा दिवा सगळे एकदम पेटायचे, आणि दुपारी ऊन पडलं की गाडी एका सेल्फमध्ये चालू. पुढच्या दोन महिन्यांत मी नवी बॅटरी टाकली साडेसहा हजारांची, अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा) रिपेअर करून घेतला चार हजार आठशेला, सेल्फचे कार्बन बदलले अकराशेला. म्हणजे बारा हजार चारशे गेले आणि कट-कट तशीच. शेवटी दोष सापडला गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणाऱ्या वीतभर अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या, पट्टीत. नवी पट्टी साडेतीनशेची.

माझ्यासारखे पैसे दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण ठाणे-नवी मुंबईत सेकंडहँड गाडी घेणारे खूप आहेत आणि आपल्याकडे खाडीची दमट हवा, चार महिने पाऊस, उघड्यावरचं पार्किंग हे सगळं एकत्र आलं की वायरिंगचे हाल होतातच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काही न मोजता पार्ट बदलणं. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, बॅटरीकडे बघितलं, तारीख वाचली आणि "बॅटरी गेली साहेब" म्हणाला की आपण मान डोलवतो. एक साधा डिजिटल मल्टिमीटर पाचशे-सातशेला मिळतो, त्यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचीही गरज नाही, आणि तो वापरायला इंजिनिअर असावं लागत नाही. गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी बॉनेट उघडून दहा मिनिटं थांबा, कारण दार उघडलं की आतले लाइट आणि कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, जागे होतात, आणि मग बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट आले तर बॅटरी फुल चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग घरातल्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बघत रहा, आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी दमलीय किंवा नीट चार्ज झालेली नाही. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या मध्ये दिसायला पाहिजे, तसं दिसलं तर अल्टरनेटर बहुतेक ठीक आहे. नवीन गाड्यांमध्ये अल्टरनेटर इंजिनच्या कंट्रोल युनिटच्या सांगण्यावर कमी-जास्त चार्ज करतो, तिथे हा आकडा वरखाली होताना दिसेल, तेव्हा हेडलाइट आणि एसी लावून परत बघा, लगेच घाबरू नका.

आता माझ्या गाडीचं काय झालं ते. रबाळे एमआयडीसीच्या बाजूला एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, ऑफिसातल्या एका मित्राने पाठवलं. त्यांनी आधी बॅटरी बघितली, १२.५, चांगली. मग मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली आणि दुसरी वायर इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवली, म्हणजे निगेटिव्ह ते निगेटिव्ह, मला वाटलं हे काय करतायत, इथे शून्यच येणार ना. ते म्हणाले, "मारा सेल्फ." मी मारला, कट-कट झालं आणि मीटरवर १.६ व्होल्ट. त्यांनी मीटर माझ्याकडे वळवला. "हे इथे अर्ध्याच्या आत पाहिजे. बॅटरी चांगली आहे हो तुमची, करंटला परत यायची वाट बंद आहे." मग गाडीखाली जाऊन त्यांनी ती पट्टी सोडवून आणली. वरून बघितलं तर धड वाटत होती, पण टोकाच्या थिंबलजवळ (बोल्ट जातो त्या धातूच्या कडीजवळ) वाकवली तशी आतून हिरवट पांढरी पावडर सांडली आणि तांब्याच्या अर्ध्याहून जास्त तारा हातात तुटून आल्या. नवी पट्टी लावली, बॉडीचा जिथे बोल्ट येतो ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. परत तीच टेस्ट केली तर ०.२ आणि सेल्फ असा फिरला की मला आवाजच वेगळा वाटला.

त्यांनी जे समजावलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. सेल्फ फिरताना शेकडो अँपिअर करंट जातो आणि तेवढाच करंट बॅटरीकडे परतही यावा लागतो, तो येतो इंजिन ते बॉडी ह्या अर्थच्या वाटेने. ती वाट खराब झाली की सेल्फला ताकद मिळत नाही, वर अल्टरनेटरचं चार्जिंगही त्याच वाटेने पूर्ण होतं म्हणून नवीन बॅटरीसुद्धा महिन्याभरात उपाशी राहते. आणि व्होल्टेज पडलं की एबीएस, स्टेअरिंग, एअरबॅग ह्या सगळ्यांची कंट्रोल युनिट गोंधळतात आणि प्रत्येक जण आपापला दिवा पेटवतो. त्यामुळे ब्लूटूथ स्कॅनर लावून बिघाडाचे आठ-दहा कोड आले की आठ-दहा सेन्सर गेले असं समजणं ही पण चूकच, मला एका ठिकाणी एबीएसचं पूर्ण युनिट बदलायचं कोटेशन दिलं होतं! आधी कोड लिहून घ्या, फोटो काढा, आणि त्यात पी०५६२ म्हणजे सिस्टिमचं व्होल्टेज कमी असा कोड असेल तर बाकीच्यांना हात लावायच्या आधी बॅटरी, चार्जिंग आणि अर्थ हे तीन बघा. कोड न लिहिता पुसून टाकणाऱ्याकडे गाडी परत नेऊ नका, त्याने पुढच्या माणसासाठी सगळा पुरावा घालवलेला असतो.

दुसरी चूक मला फार महत्त्वाची वाटते कारण तिने गाडीचा मेंदूच जाऊ शकतो. अल्टरनेटर चालतोय का हे बघायला गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढणं. जुन्या गाड्यांच्या जमान्यात मेकॅनिक असं करायचे आणि अजूनही काही जण करतात, माझ्यासमोर एकाने पाना लावला होता, मी हात धरला. आजच्या गाडीत बॅटरी अचानक बाजूला झाली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटीने उसळतं आणि तो झटका थेट कंट्रोल युनिटना बसतो. मीटर असताना हे करायचं कारणच नाही. बॅटरी काढायचीच असेल तर गाडी बंद, चावी बाहेर, दहा नंबरचा पाना, आधी निगेटिव्ह काढायचं आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. उलटं केलं आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते.

अर्थची पट्टी बदलल्यावर माझा सकाळचा त्रास गेला, पण शुक्रवारी लावलेली गाडी मंगळवारी परत जड सेल्फ घ्यायला लागली. म्हणजे कोणीतरी गाडी बंद असताना करंट खात होतं. हे मोजताना पण लोक घाई करतात. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि वायरच्या मध्ये जोडायचा, दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत पाडायचं म्हणजे गाडीला दार बंद आहे असं वाटतं, रिमोटची चावी लांब घरात ठेवायची आणि अर्धा-पाऊण तास काहीही न करता थांबायचं. सुरुवातीला आकडा मोठाच येणार, कंट्रोल युनिट झोपायला वेळ घेतात, पाच मिनिटांत बघून "करंट लीक आहे" म्हणणारे इथेच फसतात. आणि मीटर तसाच जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. झोपलेल्या गाडीला साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत करंट लागतो, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीला त्याचं काही वाटत नाही. माझ्या गाडीत ३४० निघाले. म्हणजे दिवसाला आठच्या वर, चार दिवसांत निम्म्याहून जास्त बॅटरी साफ.

खाणारा कोण होता? आधीच्या मालकाने बसवलेला टचस्क्रीन. बाहेरच्या म्युझिक सिस्टिमला पिवळी वायर कायम करंटची असते आणि लाल वायर चावी फिरवल्यावर करंट येणारी, बसवणाऱ्याने आळस करून दोन्ही एकत्र पिळून कायमच्या करंटला जोडल्या होत्या, त्यामुळे स्क्रीन काळा दिसला तरी आतून जागाच. लाल वायर सोडवून बरोबर जागी जोडली, मीटर २८ वर आला. सेकंडहँड गाडी घेतलीत तर बाहेरून बसवलेली प्रत्येक गोष्ट, डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, रिव्हर्स कॅमेरा, सीटखालचा अँप्लिफायर, जास्तीचे हॉर्न, ह्यांच्या वायरी कुठून घेतल्यात ते पहिल्याच महिन्यात बघून घ्या. फॅक्टरीची वायर सोलून तिला दुसरी गुंडाळून वर काळी टेप मारलेली दिसली की ती जागा उन्हाळ्यात चिकट होणार आणि पावसात हिरवी होणार हे नक्की.

फ्यूजबद्दल थोडक्यात पण कळकळीने सांगतो. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लाल फ्यूज सारखा उडतो म्हणून पिवळा टाकून बघू असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. फ्यूज वायरला वाचवायला असतो, मोठा टाकलात तर फ्यूजच्या ऐवजी वायर जळते, आणि ती वायर डॅशबोर्डच्या मागे, घरच्यांच्या पायांजवळ असते. हेडलाइटचं पण तसंच, ६०/५५ वॉटचा बल्ब काढून घोडबंदर रोडला अंधार वाटतो म्हणून १००/९० चा टाकला तर मूळ वायरिंगमधून पाचच्या जागी आठ अँपिअरच्या वर करंट जातो, होल्डर वितळतो. आधी काच पॉलिश करून घ्या आणि होल्डरपर्यंत व्होल्टेज पूर्ण पोचतंय का ते मोजा, बऱ्याचदा मूळ बल्बच परत नीट पडतो.

पावसाळ्यात अजून एक गोष्ट होते जी आपल्या भागात मी जास्त बघतो. वायपरच्या खाली जी काळी प्लास्टिकची जाळी असते तिच्या आत पाणी जायला होल असतं. गाडी गुलमोहराखाली लावत असाल तर त्याची ती तांदळाएवढी पानं जाळीतून आत जातात, कुजून लगदा होतो आणि होल बंद. मग पाणी एसीच्या वाटेने आत शिरतं, डाव्या बाजूची मॅट ओली, काच आतून धुरकट, आणि काही गाड्यांत फ्यूज बॉक्स किंवा कंट्रोल युनिट बरोबर तिथेच डॅशबोर्डखाली असतं. वरून मॅट वाळवून आणि सुगंधी डबी लटकवून भागत नाही, मॅटखालचा फोम दाबून बघा, पाणी आलं तर मॅट काढूनच वाळवा. मे महिन्यात ती जाळी उघडून लगदा काढला की अर्ध्या तासाचं काम आहे. सनरूफ असेल तर त्याच्या पाइपचीही तीच गत. आणि इंजिन प्रेशर वॉशरने धुऊन घेऊ नका, कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) पाणी घुसतं आणि त्रास आठ-पंधरा दिवसांनी सुरू होतो, तोवर धुतलेलं विसरलेलं असतं.

उंदीर! आमच्याकडे ऐरोलीला खाडीच्या बाजूच्या सोसायट्यांमध्ये हा रोजचा विषय आहे. डांबरगोळ्या, तंबाखू, स्प्रे सगळं करून झालं, थोडे दिवस चालतं. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी गाडी फिरवा आणि दर रविवारी बॉनेट उघडून लेंड्या, कुरतडलेला स्पंज, कचरा दिसतो का बघा. वायर तुटलेली निघाली तर पिळून टेप मारून देऊ नका, विशेषतः चाकाजवळच्या एबीएस सेन्सरची. सोल्डर करून वर हीटवाली स्लीव्ह चढवायला सांगा, शंभर-दोनशे जास्त जातील.

स्टार्ट-स्टॉपवाली, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी गाडी असेल तर बॅटरी त्यासाठीचीच टाका, साधी टाकली तर दीड हजार वाचतील पण ती लवकर बसेल. जंप स्टार्ट करताना काळ्या वायरचं शेवटचं टोक बसलेल्या बॅटरीच्या निगेटिव्हवर लावू नका, इंजिनच्या लोखंडावर लावा, ठिणगी बॅटरीपासून लांब राहते आणि निगेटिव्हवर सेन्सर असेल तर तोही वाचतो.

आणि अजून गाडी घ्यायची असेल तर पुरात बुडालेली गाडी ओळखायला शिका. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तेवढा नाही तरी बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी भरणं आपल्याकडे दर एक-दोन वर्षांनी होतंच, आणि त्या गाड्या धुऊन पुसून विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का बघा. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ आहे का. मग दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिक पट्टी उचलून मॅटखाली हात घाला आणि तिथला एखादा कपलर उघडून आतल्या पिना बघा, स्वच्छ चकचकीत दिसायला पाहिजेत, हिरव्या नाही. विकणारा ती पट्टी उचलायला नाही म्हणत असेल तर टोकन न देता घरी या.