चिनी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताय? 'कन्व्हिनियंट'च्या या चुका टाळा

"आर यू कन्व्हिनियंट टुमॉरो?" हे वाक्य चिनी विद्यार्थ्याच्या तोंडून ऐकलं नाही असा इंग्रजीचा शिक्षक मला तरी अजून भेटलेला नाही. आपण वाक्य सुधारून देतो, तो मान डोलावतो, आणि पुढच्या आठवड्यात परत "सॉरी टीचर, टुडे आय एम नॉट कन्व्हिनियंट". 2021 मध्ये चीन सरकारने शाळकरी मुलांच्या शिकवण्यांवर निर्बंध आणले, परदेशात बसून त्यांना शिकवणंही बंद केलं, तेव्हापासून ऑनलाइन क्लासला उरली ती मुख्यतः नोकरदार मंडळी, आणि त्यांचं इंग्रजी वहीत राहत नाही, थेट कस्टमरच्या मेलमध्ये जातं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मूळ भानगड शब्दयादीत आहे. तिथे कन्व्हिनियंटपुढे एकच अर्थ छापलेला असतो, फांगब्येन. पण चिनीत फांगब्येन माणसालाही लागतो. "नी फांगब्येन मा?" म्हणजे तुला जमेल का, वेळ आहे का, आत्ता बोलता येईल का, सगळं त्या एवढ्याशा प्रश्नात येतं. नी म्हणजे तू, मा हे नुसतं प्रश्नाचं शेपूट. विद्यार्थी शब्दाला शब्द लावतो आणि "आर यू कन्व्हिनियंट?" तयार. इंग्रजीत कन्व्हिनियंट असते ती वेळ, जागा, व्यवस्था. माणूस नाही. आता मराठीत बघा, आपण "उद्या तुम्हाला सोयीचं आहे का?" असंच विचारतो, "तुम्ही उद्या सोयीचे आहात का?" असं कोण विचारेल? सोयीचा माणूस म्हटलं की अर्थ कुठल्या कुठे जातो. म्हणजे इंग्रजीची बांधणी इथे अगदी आपल्यासारखी आहे, त्यामुळे ही चूक आपल्याला स्वतःला कधी होत नाही, आणि त्यामुळेच समोरच्याला ती का होते हे आपल्याला दिसत नाही, मग आपण नुसतं "राँग" म्हणून पुढे जातो. तसं करू नका.

मी काय करते, तर तो शब्दच काढून घेते. सुरुवातीला पूर्ण बंदी. वेळ विचारायची तर "आर यू फ्री टुमॉरो?" किंवा "डज टुमॉरो वर्क फॉर यू?" एवढंच. हे तोंडात बसलं की मगच "इज टुमॉरो कन्व्हिनियंट फॉर यू?" देते. फळ्यावर नियम लिहून ही चूक सुटलेली मी पाहिलेली नाही.

दुसरी चूक याहून महागात पडते, कारण वाक्य व्याकरणात बरोबर असतं आणि कुणी लाल रेघ मारत नाही. निंगबोची एक विद्यार्थिनी, एक्सपोर्टच्या कंपनीत सेल्सला. युरोपातल्या एका बायरने तिला विचारलं की तुम्ही आमच्या भागात अजून कुणाला माल देता आणि काय रेटने. तिने लिहिलं, "इट इज नॉट कन्व्हिनियंट टु टेल यू." चिनीत "बू फांगब्येन श्वो" म्हणजे अतिशय सभ्यपणे दार लावून घेणं, हे सांगण्यासारखं नाही, कृपया विचारू नका. बायरला काय कळलं? बाई कामात आहेत. त्याने उत्तर दिलं, काही घाई नाही, शुक्रवारी सांगा. शुक्रवारी हिने तेच वाक्य परत पाठवलं. सोमवारी त्याने फोन केला. हिला वाटलं काय हा निर्लज्ज माणूस, त्याला वाटलं ही टोलवाटोलवी करतेय, आणि शेवटी त्याने थेट तिच्या साहेबाला मेल टाकला. क्लासला आली ती रडवेली होऊन, "लाओशी, मी तर किती नम्रपणे लिहिलं होतं." लाओशी म्हणजे टीचर. आणि चिनीच्या हिशोबाने ती खरंच नम्र होती!

तिथे हवं होतं "आय एम अफ्रेड आय कान्ट शेअर दॅट." नम्रपणा सगळा त्या "आय एम अफ्रेड"मध्ये आला, पुढचा नकार स्पष्टच हवा. तेव्हापासून कुणीही "नॉट कन्व्हिनियंट" म्हटलं की मी तिथेच थांबवून विचारते, वेळ नाहीये, की सांगायचं नाहीये, की पैसे नाहीत, की चालता येत नाही? कारण बू फांगब्येनमध्ये या चारही गोष्टी बसतात. "माय ग्रँडफादर्स लेग्ज आर नॉट कन्व्हिनियंट" हे मी वाचलेलं आहे, तिथे "ही हॅज ट्रबल वॉकिंग" हवं.

"द ट्रॅफिक इज व्हेरी कन्व्हिनियंट इन माय सिटी." आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत स्वतःच्या गावाबद्दल विचारलं की हे ठरलेलं. चिनीतला ज्याओथोंग म्हणजे सगळी वाहतूक व्यवस्था, शांघायच्या ज्याओथोंग युनिव्हर्सिटीच्या नावात आहे तोच शब्द, आणि इंग्रजी ट्रॅफिक म्हणजे रस्त्यावरच्या गाड्या. "इट्स ईझी टु गेट अराउंड" शिकवा.

"युअर एक्स्प्लनेशन इज व्हेरी कन्व्हिनियंट" असं साहेबाला कौतुकाने लिहिणाराही असतो. आपण सोयीस्कर विसर पडला म्हणतो ना, तोच टोमणा इंग्रजी कन्व्हिनियंटमध्ये आहे, फांगब्येनमध्ये नाही. ही छटा कार्डं सरकवायच्या अ‍ॅपमध्ये येत नाही, तिथे एक शब्द, एक अर्थ, टिक, पुढे. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, टीचर फक्त लिस्ट द्या म्हणणाऱ्यांना मी लिस्ट देत नाही, वाक्यं देते, आवडलं नाही तर दुसरा क्लास बघावा. अशाच लिस्टांमुळे तर हे सगळं निस्तरत बसावं लागतं.

"अ‍ॅट युअर अर्लिएस्ट कन्व्हिनियंट" नाही, कन्व्हिनियन्स.

"कन्व्हिनियंट टु मी" नाही, फॉर मी. टु लावला तर जवळ असा अर्थ होतो, "कन्व्हिनियंट टु द स्टेशन", म्हणजे घर स्टेशनजवळ.

उच्चारात जोर दुसऱ्या तुकड्यावर, "व्ही"वर. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, व्ही हा ध्वनीच नाही, आणि आपला मराठी व सुद्धा तिथे पुरत नाही, म्हणून नुसतं बोलून दाखवू नका, कॅमेऱ्याजवळ या आणि खालचा ओठ वरच्या दातांना लावून दाखवा.