शेळीची धार काढायला बसताय?

आमच्याकडे दोन शेळ्या आहेत, दोन्ही संगमनेरी, आणि त्या आल्या तेव्हा घरात धड एकालाही धार काढता येत नव्हती. आजीला यायची, पण तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे ती ओट्यावर बसून सूचना द्यायची, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं काय असतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. पहिल्या दिवशी पंचवीस मिनिटांत जेमतेम अर्धा पेला दूध निघालं आणि त्यातही बाईसाहेबांनी पाय घातला. आता एक शेळी पाच-सात मिनिटांत होते. मधे जे काय शिकले ते लिहितेय, तुमचा अर्धा पेला तरी वाचेल.

आधी शेळी. दुधासाठीच घ्यायची असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वेताची बघा. पहिलारू नको, कारण तीही शिकतेय आणि तुम्हीही शिकताय. उस्मानाबादी आपल्याकडे सगळीकडे मिळते, काटक असते, जुळी देते, पण ती मुळात मटणाची जात, दिवसाला अर्धा ते एक लिटर दूध धरून चाला. घरच्या चहाला तेवढं बास होतं. सानेनचा क्रॉस दूध जास्त देतो खरं, पण ती मूळची स्वित्झर्लंडची जात, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तिचे लाड करावे लागतात, पहिल्या वर्षी त्या फंदात पडू नका. आणि बाजारात कास टम्म दिसली म्हणून भुलायचं नाही हं, काही लोक आदल्या दिवसापासून धार न काढता कास तुंबवून आणतात. समोर पूर्ण धार काढून दाखवायला सांगा. दूध निघाल्यावर कास रिकाम्या पिशवीसारखी मऊ लोंबली पाहिजे, तरीही कडकच राहिली किंवा आत गाठी लागल्या तर शेळी सोडून द्या. एकटी शेळी आणू नका, दिवसभर ओरडते.

शेळी व्याली की लगेच भांडं घेऊन बसायचं नसतं. पहिले तीन-चार दिवस चीक असतो, तो करडांचा, आणि जन्मल्यावर तासाभरात त्यांच्या पोटात गेलाच पाहिजे. पुढचे दोन-तीन आठवडेही करडांनाच पिऊ द्या, कास फारच ताठली तर थोडं काढून मोकळी करा. मग आम्ही काय करतो, रात्री करडं वेगळी कोंडतो, सकाळची धार आपली आणि दिवसभर करडं आईबरोबर. दिवसातून एकदाच काढायचं, करडंही उपाशी राहत नाहीत आणि एखाद दिवस गावाला जायचं असेल तर रात्री करडं आईजवळच सोडायची, विषय संपला. साधारण तीन महिन्यांनी करडं चारा नीट खायला लागली की दूध तोडायचं आणि मग मात्र दोन वेळा धार, रोज त्याच वेळेला.

जागा. धनगरवाड्यावर बाया मागच्या बाजूने बसतात, शेळीचा एक पाय गुडघ्याच्या बेचक्यात दाबून एका हाताने तांब्यात धार काढतात, बघायला इतकं सोपं वाटतं की विचारू नका. आपल्याला नाही जमत. दीड फूट उंचीचा ओटा किंवा फळ्यांचं टेबल करा, पुढे खुराकाची पाटी, मान अडकवायला दोन उभ्या पट्ट्या नाहीतर आखूड दावं. धार सुरू करायच्या आधी दहा-बारा दिवस नुसती तिथे चढवून खुराक चारा, कासेवरून हात फिरवा, बस. नंतर ती स्वतःच उडी मारून चढते. खुराक म्हणजे मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, थोडी पेंड, पण एकदम वाढवायचा नाही, पोट फुगतं. बाकी मेथीघास, शेवरी, सुबाभूळ, जे असेल ते, आणि पाणी भरपूर.

आता मेन गोष्ट. नखं कापा, हात धुवा, कास कोमट पाण्याने पुसून कोरडी करा, प्रत्येक शेळीला वेगळं फडकं. ओल्या सडाने धार काढली की तेच घाण पाणी ओघळून भांड्यात जातं. करडू दूध पिताना कासेला ढुसण्या मारतं बघा, तसंच मुठीने हलकं वर-वर ढुसायचं, अर्ध्या-एक मिनिटात पान्हा फुटतो, सड भरून ताठ होतात. पान्हा काही मिनिटंच टिकतो, म्हणून मधे फोन घ्यायला उठायचं नाही. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या वाटीत काढा, वाटीवर काळं फडकं ताणून बांधा म्हणजे गुठळी असेल तर लगेच दिसते. ते दूध फेकायचं.

आणि मग हात. सगळे नवखे सड खाली ओढतात, मीही ओढला, शेळी आधी लाथ मारते आणि मग सरळ खालीच बसते. ओढायचं नाहीये. अंगठा आणि पहिलं बोट सडाच्या मुळाशी, कासेला लागून, गोल आवळायचं, म्हणजे सडात आलेलं दूध परत वर जात नाही. ते आवळलेलंच ठेवून मधलं बोट मिटा, मग अनामिका, मग करंगळी, दूध आपोआप खाली ढकललं जातं. मूठ सैल सोडा, सड परत भरू द्या, परत तेच. एकदा डावा एकदा उजवा. सड लहान असतील तर दोनच बोटांत मावेल तेवढं दाबा, पण चिमटीत धरून ओरबाडू नका, सडाला आतून इजा होते. हाताला सवय नसेल तर रबरी हातमोज्यात पाणी भरा, एका बोटाला टाचणीने भोक पाडा आणि त्यावर प्रॅक्टिस करा, मी आठवडाभर सिंकवर हेच केलं, घरचे हसले, हसू देत. जमलं की कानालाच कळतं, रिकाम्या स्टीलच्या भांड्यात आधी च्यर्र च्यर्र असा पातळ आवाज येतो आणि फेस चढला की तोच आवाज दबून जाड होतो.

दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, शेळीची लाथ थेट भांड्यात येते. म्हणून मोठ्या भांड्यात काढत बसू नका, लहान पेल्यात काढून बाजूच्या झाकणाच्या किटलीत ओतत राहा. शेवटी परत दोन-तीन हलक्या ढुसण्या देऊन उरलेलं काढा, कासेत दूध सोडलं की ती हळूहळू दूध कमी करते. झाल्यावर दोन्ही सड आयोडीनच्या टीट डिपमध्ये, म्हणजे सड बुडवायच्या जंतुनाशकात, बुडवा आणि पुढे चारा टाका, अर्धा तास तरी ती उभी राहिली पाहिजे, कारण सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं आणि ती लेंड्यांत बसली की दगडी व्हायला वेळ लागत नाही.

दगडी म्हणजे कासदाह. कास गरम, कडक, दूध फुटकं किंवा लालसर, हात लावू देत नाही, असं काही दिसलं तर हळद-लेप करत दोन दिवस घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा, सड काळानिळा पडला तर कास जाते, कधी शेळीही जाते. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध टाकून द्यायचं, करडांनाही नाही. आमची एक कास अशीच अर्धी गेलीय, आळस माझाच होता.

दूध लगेच गाळून उकळा. कच्चं पिऊ नका, ब्रुसेला नावाचा जंतू दुधातून माणसात येतो आणि तो ताप महिनोन्महिने पिच्छा सोडत नाही. नंतर वापरायचं असेल तर भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून पटकन गार करा आणि मग फ्रीजमध्ये. दुधाला वास येतो म्हणतात तो बऱ्याचदा जवळ बांधलेल्या बोकडाचा किंवा तासभर उघड्यावर कोमट राहिलेल्या भांड्याचा. साय फारशी धरत नाही आणि तूप पांढरं निघतं, दोन्ही नॉर्मल आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला हे दूध देऊ नका, त्यात फोलेट नावाचं व्हिटॅमिन फार कमी असतं. आणि पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की अख्खी गल्ली तांब्या घेऊन दारात येते, प्लेटलेट वाढतात म्हणून, तसं सिद्ध झालेलं नाहीये, मी दूध देते पण दवाखान्यात जा हेही सांगते.

शेळी परत गाभण गेली की पाच महिन्यांचा हिशोब मांडा आणि विण्याच्या दोन महिने आधी तिला आटवा. खुराक कमी करायचा, धार आधी एक वेळ, मग एक दिवसाआड, मग बंद. कास थोडे दिवस ताठेल, गरम होत नाही तोवर हात लावू नका. आमची थोरली त्या दिवसांतही सकाळी साडेसहाला ओट्यावर चढून रिकाम्या पाटीत तोंड घालून उभी असते, आणि मी समोरून चहा घेऊन गेले की अशी बघते की चहा त्या दिवशी डेअरीच्या दुधाचा आहे हे तिला कळलंय.