दोन राउटर एकमेकांशी बोलत नसतील तर कुठनं बघायचं

उद्यमनगरात ऑफिस, गोकुळ शिरगावला कारखाना, मधे एक लिंक आणि दोन्हीकडं राउटर, अशी सेटिंग कोल्हापुरात बऱ्याच जणांची आहे. सकाळी कारखान्यावरनं फोन आला की टॅली उघडंना, तर भावांनो आधी रिसेटचं बटण दाबू नका, कॉन्फिगरेशन उडालं तर सगळं नव्यानं करत बसाल.

पहिल्यांदा पोर्टची लाईट बघा. क्लिप तुटलेला जॅक मशीनच्या थरथरीनं हळूहळू मागं सरकतो, वरनं बघितलं तर बसलेलाच वाटतो, म्हणून बोटानं दाबून बघा. सिस्को कंपनीचा राउटर असेल तर शो आयपी इंटरफेस ब्रीफ ही कमांड मारा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाऊन दिसलं तर पोर्ट कुणीतरी बंद करून ठेवलाय, त्या पोर्टवर नो शटडाऊन ही कमांड द्या.

मग समोरच्या राउटरला पिंग, म्हणजे चाचणीचं पाकीट पाठवून उत्तर येतंय का बघायचं. समजा लिंकवर इकडचा अ‍ॅड्रेस १०.०.०.१, तिकडचा १०.०.०.२, मास्क (नेटवर्क केवढं ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.२५२, यात दोनच अ‍ॅड्रेस बसतात, तिकडं ५ टाकला की तो दुसऱ्याच नेटवर्कात गेला.

आता खरी गोची. राउटरवरनं पिंग जातंय, अगदी कारखान्याच्या राउटरच्या आतल्या बाजूच्या १९२.१६८.२.१ ला पण जातंय, पण ऑफिसच्या पीसीवरनं जाईना. कारण राउटर स्वतः पिंग करतो तेव्हा सोर्स (पाठवणाऱ्याचा अ‍ॅड्रेस) म्हणून १०.०.०.१ लावतो, ते समोरच्याला थेट जोडलेलं असतं म्हणून उत्तर येतं. पीसी मात्र ऑफिसच्या आतल्या १९२.१६८.१.० नेटवर्कातला, त्याचा रूटच (तिकडं कुठनं जायचं याची नोंद) कारखान्याच्या राउटरवर नसेल तर पाकीट तिकडं पोचतं आणि उत्तर डिफॉल्ट रूटनं, म्हणजे नोंद नसलेल्या सगळ्यासाठीच्या वाटेनं, इंटरनेटकडं जाऊन मरतं. म्हणून राउटरवरनं पिंग करताना सोर्समधे त्याचा ऑफिसच्या आतल्या बाजूचा (लॅन) आयपी द्या, फेल गेलं तर पहिला संशय या परतीच्या रूटवर घ्या. माझ्या मते लोक सगळ्यात जास्त इथंच अडकतात, कारण सगळे आपल्याच बाजूचा राउटर तपासत बसतात.

दोन्हीकडं १९२.१६८.१.० च असेल तर रूट घालून उपयोग नाही, पीसीला समोरचा आपल्याच घरातला वाटतो, तो राउटरकडं पाकीट देतच नाही, एकीकडची रेंज बदला. आणि शेवटच्या पीसीला पिंग होत नाही म्हणून लिंकला दोष देऊ नका, विंडोजचा फायरवॉल पिंग अडवतो, त्यापेक्षा तिथल्या प्रिंटरला मारून बघा.

चालू झालं की सिस्कोवर लगेच कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग ही कमांड मारून सेटिंग सेव्ह करा, नाहीतर लाईट गेली की केलेलं सगळं पुसलं जाणार.