कोर्टाची बातमी लिहिताना

मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेले तीन महिने जिल्हा न्यायालयात जाऊन बसते. निघण्याआधी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचा बोर्ड, म्हणजे सुनावणीला असलेल्या खटल्यांची यादी, बघा. खटला क्रमांक, कलमं आणि पुढची तारीख वहीत हवीच.

सगळ्यात जपायचं ते शब्दांना. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस 'आरोपी'च. जामीन मिळाला म्हणजे तो निर्दोष ठरला, असं नाही. न्यायाधीश सुनावणीत बोलले ते तोंडी निरीक्षण, आदेशात उतरलं तो निर्णय. माझ्या पहिल्या बातमीत फक्त सरकारी वकिलांची बाजू होती. उलटतपासणी चालू असताना मी चहाला गेले होते आणि ते वाचकांपासून लपवलं. ती अप्रामाणिकता होती. आता काही हुकलं तर बचावाच्या वकिलांना गाठते, आदेशाची प्रत वाचल्याशिवाय लिहीत नाही.

बलात्काराच्या खटल्यात पीडितेची ओळख छापू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार तो गुन्हा आहे. नाव गाळलं, पण गाव, शाळा, वडिलांचा धंदा लिहिला, तरी ओळख पटतेच.

आणि कुणी निर्दोष सुटला, तर अटकेच्या बातमीला मिळाली तेवढीच जागा मागा. संपादक नाही म्हणाले, तर पुन्हा मागा.